फाल्कनरीचे शब्द शिकायचे तर यादी पाठ करू नका, पक्ष्याचा दिवस धरून चला

फाल्कनरीवरचं काहीही वाचायला घ्या, म्हणजे ससाणे आणि बाज हाताळून त्यांच्याकरवी शिकार करायची जी कला आहे त्यावरचं, की पहिल्या दोन पानांतच माणूस अडकतो. जेस, ब्यूइट, क्रीअन्स, म्यूट, बेट, राउझ, फीक, यारक. मग बहुतेक जण काय करतात तर अक्षरांच्या क्रमाने लावलेली शब्दांची यादी शोधतात आणि ती पाठ करायला बसतात, आणि आठवड्याभरात सगळं डोक्यातून जातं. जाणारच ना, कारण त्या यादीत पायातला चामड्याचा पट्टा, पिसाचा एखादा दोष आणि आकाशातली झेप हे सगळं शेजारी शेजारी बसलेलं असतं, एकमेकांशी काही संबंध नसताना.

त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. हे शब्द पक्ष्याकडे रोज बघणाऱ्या लोकांनी केलेत, आणि जवळपास प्रत्येक शब्दामागे एक निर्णय आहे, आज उडवायचा का, किती खायला घालायचं, जवळ जायचं का थांबायचं. म्हणून पक्ष्याचा एक दिवस धरायचा, सकाळपासून, आणि ज्या क्षणी जो शब्द लागतो तो त्या क्षणी शिकायचा. शब्द शिकायला परवाना लागत नाही, पक्षी ठेवायला मात्र बहुतेक देशांत लागतो, तेवढं डोक्यात ठेवा.

दिवस सुरू व्हायच्या आधी समोर कोण बसलंय ते कळायला हवं. फाल्कनर लोक पक्ष्यांचे तीन गट करतात. लाँगविंग म्हणजे लांब टोकदार पंखांचे खरे ससाणे, बहिरी ससाणा, सेकर, जायर, लॅनर, मर्लिन वगैरे. शॉर्टविंग म्हणजे आखूड पंख लांब शेपटी, झाडीतून वळणं घेत पाठलाग करणारे, गॉसहॉक, स्पॅरोहॉक, आपला शिक्रा. आणि ब्रॉडविंग म्हणजे रुंद पंखांचे, यात रेडटेल आणि हॅरिस हॉक येतात, यातला हॅरिस हा गटाने शिकार करतो म्हणून सुरुवातीला तो पुष्कळांना दिला जातो. लाँगविंगवाला तो फाल्कनर आणि शॉर्टविंगवाला तो ऑस्ट्रिंजर, असा काटेकोर भेद जुन्या पुस्तकांत दिसतो, आता सरसकट फाल्कनरच म्हणतात.

मग नर की मादी. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असते, नर साधारण एक तृतीयांशाने लहान, आणि त्यावरूनच नराला टर्सल म्हणतात. इथे एक खाचखळगा आहे. जुन्या पुस्तकात नुसतं फाल्कन लिहिलेलं असेल तर ती मादी समजायची, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा बहिरी ससाण्याची. प्रत्येक जातीच्या नराला वेगळं नाव आहे, स्पॅरोहॉकचा मस्केट, मर्लिनचा जॅक, सेकरचा सॅक्रेट, लॅनरचा लॅनरेट. आपल्याकडच्या जुन्या मीरशिकाऱ्यांच्या, म्हणजे शिकारी पक्षी सांभाळणाऱ्यांच्या, बोलीतही अगदी हेच होतं, बाज म्हणजे गॉसहॉकची मादी आणि जुर्रा तिचा नर, स्पॅरोहॉकमध्ये बाशा मादी आणि बाशीन नर, लग्गर ससाण्यात लग्गर मादी तर जग्गर नर, सेकरमध्ये चर्ग मादी आणि चर्गेला नर. हे कळलं की जुन्या शिकारी पुस्तकांतले अर्धे गोंधळ तिथेच मिटतात, कारण वाचणारा जुर्रा ही वेगळी जात समजून बसलेला असतो.

तिसरी गोष्ट, पक्षी कुठून आणि कोणत्या वयात आला. घरट्यातून घेतलेलं पिल्लू ते आयस. घरट्याबाहेर येऊन फांद्यांवर उड्या मारायला लागलेलं ते ब्रँचर. पहिल्या वर्षाच्या पिसांत, स्थलांतर करताना पकडलेला तो पॅसेज पक्षी. मोठ्या वयाची पिसं आल्यावर पकडलेला तो हॅगर्ड, शिकारीत पक्का पण माणसाला सरावायला जड. एकदा माणसाकडे असताना पिसं गाळून झाली की तो इंटरम्यूड. आता बरेच पक्षी पिंजऱ्यात पैदास केलेले असतात, त्यामुळे पॅरेंट रिअर्ड आणि इम्प्रिंट हे दोन शब्द जास्त ऐकू येतील, आईबापांनी वाढवलेला आणि माणसालाच आपलं समजणारा. इम्प्रिंट पक्षी किंचाळत बसतो, खाऊ मागत राहतो, म्हणून पक्षी इम्प्रिंट आहे का हा प्रश्न लोक आधी विचारतात.

आता सकाळ. पक्षी जिथे रात्री असतो ती खोली म्हणजे म्यूज. दार उघडल्यावर पक्ष्याकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघायचं, आणि पहिले दोन महत्त्वाचे शब्द तिथेच पडलेले असतात. एक म्यूट, म्हणजे विष्ठा. पांढराशुभ्र भाग आणि मध्ये गडद भाग असं चित्र असेल तर ठीक. हिरवट दिसायला लागलं तर पोट रिकामं आहे किंवा तब्येतीत काहीतरी बिघडलंय, आणि ते दोन्ही वेगळं करायला वजन आणि वागणं बघावं लागतं. यातही बारकावा आहे, ससाणे खाली टाकतात त्याला म्यूट आणि शॉर्टविंग मागे लांब पिचकारी मारतात त्याला स्लाइस म्हणायची पद्धत आहे, म्हणून गॉसहॉकच्या खोलीची भिंत नेहमी रंगलेली असते.

दुसरा शब्द कास्टिंग. आदल्या दिवशी खाल्लेल्यातली पिसं, केस, न पचलेले तुकडे यांची गोळी पक्षी सकाळी तोंडावाटे टाकतो ती. ही गोळी हातात घेऊन बघायची सवय लावा, निदान फोटोत तरी नीट बघा. चांगली गोळी लांबट असते, घट्ट दाबलेल्या लोकरीसारखी, बाहेरून जरा ओलसर, मोडली तर आत दाबून बसलेली पिसं दिसतात आणि घाण वास येत नाही. चिकट, वास मारणारी किंवा न पचलेलं मांस असलेली गोळी आली तर उडवायचा विचार सोडायचा. आणि गोळी पडायच्या आधी खायला घालायचं नाही, हा नियम फार जुना आहे आणि अजूनही तसाच पाळला जातो.

याच्या जोडीला क्रॉप. गळ्याखाली जी पिशवी असते, ज्यात आधी अन्न साठतं. खाल्ल्यावर ती फुगलेली दिसते, मग पक्षी मान वेडीवाकडी करत ते अन्न खाली पोटात सरकवतो, त्या मान हलवण्याला पुट ओव्हर करणं म्हणतात. क्रॉप फुल आहे, अर्धा आहे, रिकामा आहे हे वाक्य फाल्कनर दिवसातून कितीतरी वेळा बोलतो. अन्न क्रॉपमध्येच अडकून सडलं तर सावर क्रॉप, आणि तो पक्षी तासांत दगावू शकतो, तिथे डॉक्टरकडे पळायचं. हे तीन शब्द, म्यूट, कास्टिंग, क्रॉप, बाकी काही यायच्या आधी पक्के झाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, कारण पक्षी बोलत नाही आणि त्याची तब्येत कळायची खिडकी हीच आहे.

यानंतर वजन. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा आणि त्यावर बसायची दांडी. ज्या वजनाला पक्षी अंगात जोर असूनही खाण्यासाठी हातावर येतो ते त्याचं फ्लाइंग वेट. मोठ्या मादी ससाण्याला १० ग्रॅम इकडेतिकडे झालं तर चालून जातं, पण मर्लिन किंवा शिक्रा असेल तर तेवढ्यात सगळा फरक पडतो. काट्यासोबत बोटही लावतात, छातीच्या मधल्या हाडाला कील म्हणतात, दोन्ही बाजूचं मांस भरलेलं लागलं तर बरं, हाड धारदार लागलं तर पक्षी खंगलाय. इथेच तीन शब्द लोक एकात एक करतात. कीन म्हणजे खायला उत्सुक. शार्पसेट म्हणजे भूक चांगलीच लागलेली. आणि यारक ही वेगळीच अवस्था आहे, मुख्यतः शॉर्टविंगची, डोक्यावरची पिसं उभी, अंग जरा फुगलेलं, नजर एकाग्र, पूर्ण शिकारीच्या भरात. उपाशी ठेवून यारक येत नाही, तब्येत, व्यायाम आणि रोजची सवय यातून तो येतो, आणि खंगलेल्या पक्ष्याला यारकमध्ये आहे म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून काही शिकू नका.

आता पायातलं आणि डोक्यावरचं सामान, ज्याला एकत्र फर्निचर म्हणतात. हे शिकायला सगळ्यात सोपं, कारण ते साखळीसारखं एकाला एक जोडलेलं आहे, पायापासून सुरू करून बोटापर्यंत यायचं. पायाच्या नळीवर चामड्याचा अँकलेट. त्यातून जाणारा पट्टा तो जेस, दोन पायांचे दोन जेस. दोन्ही जेस एका स्विव्हलला, म्हणजे फिरणाऱ्या कडीला, जेणेकरून पीळ पडू नये. स्विव्हलमधून जाणारी दोरी ती लीश, आणि ती लीश दांडीला किंवा ठोकळ्याला बांधायची ती एका हाताने बांधता येणारी फाल्कनर्स नॉट, कारण दुसऱ्या हातावर पक्षी असतो. ही गाठ दोरीचा तुकडा घेऊन खुर्चीच्या दांडीवर एका हाताने करत राहा, शब्द आणि हात दोन्ही एकदम बसतात.

जेसमध्ये एक फरक मात्र जीवावरचा आहे. बांधून ठेवताना वापरायचा म्यूज जेस, त्याच्या टोकाला स्विव्हल अडकवायला चीर असते. उडवताना वापरायचा फ्लाइंग जेस, त्याला चीर नसते. चीर असलेला जेस घेऊन पक्षी उडाला तर ती काट्याकुट्यात, तारेत अडकते आणि पक्षी उलटा लटकतो. पूर्वी जेस पायालाच कायमचा बसवलेला असायचा, मग विसाव्या शतकात गाय आयल्मर या फाल्कनरच्या नावाची पद्धत आली, अँकलेटला धातूची कडी आणि तिच्यातून ओवून काढता येणारा जेस, म्हणून आज आयल्मेरी हा शब्द सगळीकडे दिसतो.

घुंगरू म्हणजे बेल, आणि ते पायाला बांधायची बारीक चामडी पट्टी म्हणजे ब्यूइट. गॉसहॉकला बऱ्याचदा शेपटीला घुंगरू लावतात कारण तो बसल्या बसल्या शेपटी हलवतो आणि झाडीत आवाजावरून सापडतो. दोन घुंगरं एकाच सुराची नसावीत, अर्ध्या सुराचा फरक असावा असा जुना संकेत आहे, त्या किंचित बेसूरपणामुळे आवाज लांबवर वेगळा कळतो. आता टेलिमेट्री आणि जीपीएस आलंय तरी घुंगरू कोणी काढलेलं नाही.

टोपी म्हणजे हूड. मागच्या चामडी पट्ट्या त्या ब्रेसेस, त्या एका हाताने आणि दातांनी ओढून बंद आणि सैल करतात, सैल करण्याला स्ट्राइक द हूड म्हणतात. टोपीला घाबरणारा, डोकं फिरवणारा पक्षी तो हूडशाय, आणि तसा पक्षी बहुधा घाईघाईने टोपी घालणाऱ्या माणसाच्या हातून तयार होतो. डच, अरबी आणि अँग्लो इंडियन असे टोपीचे घाट आहेत. टोपी युरोपात पूर्वेकडून आली, तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक, ज्याने स्वतः या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यानेच हे नोंदवून ठेवलंय.

पक्षी बसतो कशावर तेही बघा. ससाण्याला ब्लॉक, म्हणजे सपाट माथ्याचा ठोकळा, कारण तो कड्यावर बसणारा. शॉर्टविंग आणि ब्रॉडविंगला बो पर्च, कमानीसारखी दांडी, कारण ते फांदीवर बसणारे. दिवसा मोकळ्या हवेत बांधून ठेवतात ते वेदरिंग. शिकारीला जाताना अनेक टोपीवाले पक्षी एकदम न्यायची लाकडी चौकट ती कॅज.

हातावर पक्षी घेऊन माणसांची, आवाजाची सवय लावतात ते मॅनिंग, आणि या काळात पक्ष्याच्या हालचालींची भाषा शिकून घ्यायची. बेट म्हणजे घाबरून किंवा हट्टाने हातावरून झेप घेणं आणि जेसमुळे खाली लोंबकळणं. राउझ म्हणजे सगळी पिसं उभी करून अंग खडखडून झटकणं, हे निवांतपणाचं लक्षण, नवा पक्षी पहिल्यांदा हातावर राउझ करतो तेव्हा फाल्कनरचा चेहरा बघण्यासारखा होतो. फीक म्हणजे खाऊन झाल्यावर चोच दांडीला घासून पुसणं. वॉर्बल म्हणजे दोन्ही पंख पाठीवर उंच ताणणं. मँटल म्हणजे खाण्यावर पंख पसरून ते झाकून धरणं, पण खूप जुन्या पुस्तकात मँटल म्हणजे एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकत्र ताणणं असा अर्थ असतो, तेव्हा वाक्य बघून ठरवा. बाउझ म्हणजे पाणी पिणं, तेवढंच.

पुढे ट्रेनिंग. लांब बारीक दोरीला बांधून पक्ष्याला हातावर बोलावतात ती दोरी क्रीअन्स. पंख बांधून केलेलं खोटं सावज, दोरीने फिरवायचं, तो लूअर, मीरशिकाऱ्यांचा दलबा. पहिल्यांदा खऱ्या सावजावर सोडणं ते एंटर करणं. एकाच सावजाच्या मागे लागायची सवय झालेला तो वेडेड, आणि मध्येच दुसऱ्याच्या मागे वळला तर चेक केलं.

हॅक या शब्दासाठी जरा थांबायला हवं. लहान पिल्लांना ठरलेल्या जागी खाणं ठेवून काही आठवडे मोकळं सोडायचं, त्यांनी स्वतः उडायला शिकायचं, आणि स्वतः शिकार करायला लागली की परत धरायचं, ही जुनी फाल्कनर पद्धत. डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातून तो पक्षी संपला, तेव्हा पक्षीशास्त्रज्ञ टॉम केड आणि सोबतच्या लोकांनी १९७० मध्ये पेरेग्रिन फंड ही संस्था सुरू केली (पेरेग्रिन म्हणजे बहिरी ससाणा) आणि हीच हॅकची पद्धत वापरून पैदास केलेली पिल्लं निसर्गात सोडली, फक्त परत धरली नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बहिरी ससाणा बाहेर आला. फाल्कनरांची रोजची विद्या एका प्रजातीच्या कामी आली याचं मला फार मोल वाटतं, म्हणून हा शब्द मी नवीन माणसाला आवर्जून सांगत असते.

उडण्याचे शब्द एका उड्डाणात गुंफून घ्या. ससाणा सोडला, तो गोल गोल चढत गेला, म्हणजे रिंग अप. किती उंच गेला ती पिच. माणसाच्या डोक्यावर घिरट्या घालत सावज उठायची वाट बघतोय ते वेट ऑन. सावज उठलं, तो पंख मिटून खाली आला, तो स्टूप, बहिरी ससाण्याचा स्टूप ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. चुकलं आणि त्याच वेगात परत वर फेकला गेला, तो थ्रो अप. नाद सोडून लांब निघून गेला तर रेक अवे. सावजाला पकडून ठेवलं तर बाइंड, नुसता फटका मारला तर स्ट्राइक. सावज झुडपात घुसलं तर पुट इन. मग फाल्कनर हळूहळू, तिरका, खाली वाकत पक्ष्याजवळ जातो ते मेक इन, आणि इथे घाई केली तर पक्षी सावज घेऊन उडून जायला शिकतो, त्या खोडीला कॅरी म्हणतात.

याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुकतं, कारण काही शब्द दोन तीन कामं करतात. कॅरी ही पक्ष्याची खोड, पण कॅरेज म्हणजे माणसाने त्याला हातावर घेऊन फिरवणं, जे चांगलं. कास्ट तर फारच. कास्टिंग ही गोळी, अ कास्ट म्हणजे एकत्र उडवायची पक्ष्यांची जोडी, पक्ष्याला कास्ट करणं म्हणजे चोच नख्या कापायला किंवा औषधाला दोन्ही हातांत धरणं, आणि कास्ट ऑफ म्हणजे हातावरून सोडणं. वहीत कास्टसाठी एक अख्खं पान ठेवा आणि प्रत्येक अर्थाचं एक पूर्ण वाक्य लिहा.

देखभालीचे शब्द थोडक्यात. चोच आणि नख्या तासणं ते कोपिंग. मोडलेल्या पिसाच्या देठात बारीक सळई घालून जुनं गाळलेलं पीस जोडणं ते इम्पिंग, म्हणूनच फाल्कनर गळलेली पिसं नंबर घालून जपून ठेवतात. पीस वाढताना खाण्याची आबाळ झाली तर त्यावर आडवी कमजोर रेघ उमटते, ती हंगर ट्रेस, आणि पुढे पीस तिथेच मोडतं. अजून रक्त खेळणारं, वाढणारं पीस ते इन ब्लड, पूर्ण वाढून टणक झाले की पक्षी हार्ड पेन्ड. तळपायाला सूज आणि जखम ती बंबलफूट. तोंडात पिवळट पनीरासारखा थर येतो तो फ्राउन्स, कबुतरांकडून येणारा.

हे इंग्रजी वळणाचे शब्द झाले, पण कला एका मुलखाची नाही, युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०२१ मध्ये ती २४ देशांच्या नावाने नोंदली गेली. अरबीत फाल्कनर सक्कार, टोपी बुर्का, बसायची खुंटी वकर, जेस सुबूक, लूअर तिलवाह, आणि हातमोज्याऐवजी मनगटावर चढवायची जाड नळी ती मंगला. कझाक गरुडवाले टोपीला तोमागा म्हणतात, आणि गरुडाचं वजन पेलायला घोड्याच्या खोगिराला टेकवायची दुबेळकी काठी ती बालडाक. हे शब्द त्या त्या वस्तूचा फोटो समोर ठेवूनच शिका, मंगला आणि हातमोजा एकच समजून चालत नाही.

सरावासाठी एकच पद्धत सांगेन. एखाद्या उड्डाणाचा व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि जे दिसतंय ते मोठ्याने बोलत जा, टोपी स्ट्राइक केली, राउझ केला, म्यूट टाकला, हात सोडला, रिंग अप, पिच बरी आहे, वेट ऑन, स्टूप, चुकला, थ्रो अप, परत स्टूप, बाइंड, मेक इन. जिथे शब्द अडला तिथे थांबवा, वहीत फक्त तोच लिहा, आणि दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ परत पहिल्यापासून.